डाव्या डोळ्याचा समुद्र

मी नववीत होते त्या साली तेल्हाऱ्यात पाहुणे फार यायचे. आमच्या घरी नाही, गावात. पांढऱ्या गाड्यांतून यायचे, कापूस पाहायचे, कापूसवाल्यांना पाहायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि ऊन वाढलं की अकोल्याला जेवायला निघून जायचे. एका कॅमेरावाल्याने तर आमच्या मोठेबाबांना शेताच्या धुऱ्यावर तीनदा उभं केलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, काका, चेहरा जरा उदास करा. मोठेबाबा म्हणाले, "जन्मापासून हाच आहे. याच्या खाली जात नाही."

सगळं जग आपल्याला पाहून गेलं, आपण मात्र काहीच पाहिलं नाही, हा विचार गावात पहिल्यांदा आला तो माझ्या मोठ्याईच्या डोक्यात, आणि तोही नेमका मोतीबिंदूच्या शिबिराच्या चार दिवस आधी. पुढे जे काही झालं त्यात माझी चूक नव्हती, हे मी इथेच लिहून ठेवते. शेवटी लिहायला गेले तर कोणी वाचायचं नाही.

मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको, वच्छला. मोठेबाबा म्हणजे तो मोठा भाऊ, खुशालराव. ते तलाठी होते आणि रिटायर झालेत. म्हणजे नोकरीतून झालेत, तलाठीपणातून नाही. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. मोठ्याईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला डावा पुरता पिकलेला. अकोल्याच्या शिबिरात तिचं नाव तीनदा लागलं आणि तीनदा ती गेली नाही. पहिल्यांदा म्हैस व्याली. दुसऱ्यांदा एकादशी निघाली. तिसऱ्यांदा काहीच निघालं नाही, तेव्हा ती म्हणाली, "काहीच आडवं आलं नाही, म्हनूनच मले भेव लागून राहिलं." इकडे ती हळद समजून वरणात बेसन टाकायला लागली होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेला आली नाही तर डावा डोळा विसरा. शिबिराची गाडी सोमवारी सकाळी सातला बसस्टँडवरून सुटणार होती.

गुरुवारी जेवताना तिने जाहीर केलं, "जातो म्या. पन आधी समुद्र दाखवा."

मोठेबाबांचा घास हातातच राहिला. "समुद्राचं आन् डोयाचं काय लागते?"

"डॉक्टरच्या हातून डोया उलटा झाला तं? समुद्र पाह्याचा राहून जाईन ना."

"वानचं धरण पाह्यलं ना तू."

"त्याचा पलीकडचा काठ दिसते. समुद्राचा दिसत नाही म्हनतेत. मले बिनकाठाचं पानी पाह्याचं आहे."

"तुले तं आता वानचाही काठ दिसत नाही," मोठेबाबा म्हणाले. "मंग झालं ना. तोच समुद्र."

हे वाक्य त्यांनी गिळलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. मोठ्याई ताटावरून उठली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेवली नाही. आता तेल्हाऱ्याहून समुद्र म्हणजे एक रात्र आणि अर्धा दिवस जायलाच. त्यात वेचणी ऐन भरात. माझे बाबा म्हणाले, ती हट्ट करत नाही, न जाण्याचा बहाणा शोधून राहिली. बहाणा असो नाहीतर हट्ट, गाडी तर सोमवारीच सुटणार होती.

शेजारच्या चतुराबाई सल्ला द्यायला आल्या. आमच्याकडे कोणाचंही काहीही दुखलं की चतुराबाई आधी येतात, डॉक्टर नंतर. त्या म्हणाल्या, "समुद्रच पाह्याचा ना? आमच्या टीवीत रोज येते, साबनाच्या जाहिरातीत. पाठवून द्या संध्याकायी."

"टीवीतल्या समुद्रात म्या कुठी असतो?" मोठ्याई म्हणाली. "थे म्हंजे दुसऱ्याच्या घरचं लगन. पत्रिका नाही, आहेर नाही, नुस्तं भिताडावरून पाह्याचं. मले सोता तिथी असलं पाहिजे."

यावर खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्याच महिन्यात शाळेच्या कॉम्प्युटर स्पर्धेत पहिली आले होते. आमच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर गुलाबी कव्हर आहे, आणि आम्ही दर शनिवारी चपला बाहेर काढून त्या कव्हरांचं दर्शन घेतो. तरी मी पहिली आले, कारण परीक्षा लेखी होती. पहिलं येण्याने माणसाच्या जिभेला काय होतं ते मला आता कळतं. मी म्हणाले, "मोठ्याई, रविवारी म्या दाखवतो समुद्र. तू सोता त्यात असशीन. चालशीन, फिरशीन, बोटीत बी बसशीन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतके लोक एकदम माझ्याकडे बघण्याची ती पहिली वेळ, त्यामुळे मी आणखी म्हणाले, "दुपारी बारा ते चार."

"बारा ते चारच काहून?"

"लाइट तवाच असते."

तेवढं मात्र सर्वांना पटलं.

हे मी हवेत बोलले नव्हते. माझ्या वर्गातल्या फलकचे अब्बा शफीचाचा बसस्टँडजवळ गाद्या भरतात. त्यांच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग गाद्यांचा आणि मागचा अर्धा 'फलक सायबर कॅफे'. कॉम्प्युटर तीन; तिन्हींच्या आत एवढा कापूस बसलाय की एक उशी सहज निघेल. तिथे फलकने मला एक दुनिया दाखवली होती. खोटी दुनिया, पण अख्खी. आपण आपला एक माणूस बनवायचा, त्याला नाव द्यायचं आणि हवं तिकडे फिरवायचं. त्यात एक बेट होतं आणि बेटावर पाहुण्यांसाठी बोट होती. बोटीत नुसतं बसायचं. ती आपोआप फिरवून आणायची. आधी दीपगृह, मग नारळाची झाडं, मग डोंगरातून एक अरुंद खाडी, आणि शेवटी किनारा आणि उघडा समुद्र. फलक म्हणाली, "यात काय आहे, बटन दाबलं की झालं."

शनिवारी आम्ही बटण दाबायला गेलो.

बटणाआधी फॉर्म होता. अठराच्या खालच्यांना त्या दुनियेत प्रवेश नाही, त्यामुळे नाव मोठ्याईचंच घालायचं ठरलं, आणि म्हणून मोठेबाबा सोबत आले. येताना फाइल घेऊन आले. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, आणि सगळ्यांच्या दोन दोन झेरॉक्स. जन्मतारीख विचारल्यावर कळलं की रेशनकार्डाप्रमाणे मोठ्याई अठ्ठावन्न वर्षांची आहे, ओळखपत्राप्रमाणे चौसष्ट, आणि तिच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे मोठा पूर आला त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. फॉर्ममध्ये पोळ्याला जागा नव्हती.

"मंग आधी फॉर्म दुरुस्त करून आन म्हना त्याहिले," मोठेबाबा म्हणाले.

"मोठेबाबा, इथं कोणी बसलेलं नाही. मशीन आहे."

"मशीनच्या मांगं कोनी तं असंन. सही कोन करते?"

सही कोणीच करत नाही हे कळल्यावर त्यांचा त्या दुनियेवरचा विश्वास उडाला. तरीही त्यांनी आडनाव आधी, मग नाव, मग नवऱ्याचं नाव असंच लिहायला लावलं. मशीनने ते सात वेळा परत पाठवलं. आठव्यांदा ते शफीचाचांना म्हणाले, "आमच्या तहसीलवाले बरे. थे दोनदातच मानतेत."

शफीचाचा म्हणाले, "खुशालभाऊ, तहसीलमधी चहा पाजता येते. याले काय पाजता?"

शेवटी मोठेबाबा चहाला बाहेर गेले तेव्हा मी 'वच्छला' एवढंच घातलं आणि दार उघडलं.

आता माणूस निवडायचा होता. बारा जण रांगेत उभे होते, पण लाइन इतकी मंद की अकरा जण धुक्यातच राहिले आणि एकच बाई पूर्ण उतरली. सहा फूट उंच, सोनेरी केस, कानापर्यंत कापलेले. अंगात बिनबाह्यांचं काहीतरी आणि अर्धी चड्डी. फलक म्हणाली कपडे बदलता येतात. आम्ही साडी शोधली, साडी उतरायला लागली, आणि पाऊण तासात काठ उतरले. नुसते काठ, दोन पायांभोवती. त्यापेक्षा चड्डी बरी, असं आमच्या दोघींचं एकमत झालं.

रविवारी साडेअकराला मोठ्याई निघाली ती प्रवासाला निघतात तशीच. नऊवारी धुवट लुगडं, हातात पिशवी, पिशवीत धपाटे, ठेचा, समुद्राला वाहायला नारळ आणि गाडी लागते म्हणून दोन लिंबं. मी म्हणाले, मोठ्याई, गाडी नाही, खुर्ची आहे. ती म्हणाली, "बोट म्हनली ना तू? बोट तं अजूनच लागत असंन." चतुराबाई न बोलावता आल्या आणि आल्या आल्या बाजूच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली. मोठेबाबा आले, कारण फॉर्मवर त्यांचं नाव नव्हतं हे त्यांना रात्री कळलं होतं. तिघांनी चपला दुकानाबाहेर काढल्या. शफीचाचांनी मोठ्याईच्या खुर्चीवर नवी कोरी गादी टाकली.

मोठ्याई पडद्याला नाक लावून बसली. "म्या कुठी आहो?"

"हे मधात उभी आहेस ना, हे तू."

"उंच दिसून राहिली."

"हाव, तिथी सगळे उंचच दिसतेत."

मग तिने तो प्रश्न विचारला. पाठीमागे नवरा, बाजूला चतुराबाई, समोर सारं जग, आणि तिने आवाज खाली करून मला विचारलं, "माह्या डोक्शावर पदर आहे का व?"

मी पडद्याकडे पाहिलं. फलकने माझ्याकडे पाहिलं. चतुराबाई चष्मा घरी विसरल्या होत्या आणि मोठेबाबा वेळापत्रकाची चौकशी करत होते. मी म्हणाले, "आहे."

"मंग चाल."

त्या दुनियेत चालणं सोपं नाही. पहिली दहा मिनिटं मोठ्याई एका भिंतीला धडका देत होती. मग ती कारंज्यात गेली. मग फलकचं बोट चुकीच्या बटणावर पडलं आणि मोठ्याई उडाली. जमीन खाली जाताना मोठ्याईने एक लिंबू नाकाला लावलं, दुसरं चतुराबाईंनी मागून घेतलं, आणि दोघी डोळे मिटून बसल्या. समुद्र पाहायला आलेली माणसं डोळे मिटून बसलीत आणि मी एकटी घामाघूम होऊन त्यांना हवेतून खाली उतरवतेय, हे दृश्य मी विसरणार नाही. शफीचाचा गादीवर टाके घालत मधूनमधून म्हणत होते, "बेटा, आहिस्ता. माऊस है, पंप नहीं."

साडेबाराला आम्ही बोटीत बसलो. बोट सुटली. दीपगृह आलं. चतुराबाईंनी त्याला हात जोडले.

"थे देऊळ नाही," मी म्हणाले.

"कयस तं आहे," त्या म्हणाल्या. "हात जोडल्यानं काही जात नाही."

नारळाची झाडं आली. मोठ्याईला हिरवं काहीतरी दिसलं आणि तिने धपाट्यांचं फडकं सोडलं. मला वाटलं, जमलं. आणि बोट त्या डोंगरातल्या खाडीत शिरली, समोर एक लाल भिंत उभी राहिली, कडेला इंग्रजीत काहीतरी लुकलुकलं, आणि पुढच्या क्षणी मोठ्याई परत कारंज्यात उभी.

"काय झालं?"

फलकने वाचून सांगितलं. ती खाडी कोणीतरी विकत घेतली होती. खाजगी जागा, परक्यांना मनाई, दहा सेकंदांत निघा नाहीतर बाहेर फेकू. पुन्हा बोट धरली. पुन्हा दीपगृह, पुन्हा हात, पुन्हा लाल भिंत, पुन्हा कारंजं.

आतापर्यंत मोठेबाबा मागे बसून घड्याळ पाहत होते. आता ते उठले. एकतीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या बांधावरची भांडणं ऐकली, त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच आनंद पाहिला.

"बोट पह्यले जात होती का इथून?"

"हाव. रोज."

"किती वर्षांपासून?"

फलकने शोधून सांगितलं, तीन.

"म्हंजे वहिवाट आहे. ही खाडी नाही, ही पांदण होय, शेतात जायाची वाट. जागा तुह्यी असंन, पन पांदण सगळ्याहिची. पांदणीत काटे टाकता येत नाही. लिही."

"काय लिहू?"

"अर्ज. विषय, समुद्राकडे जाणारी पांदण मोकळी करून मिळणेबाबत."

मी हात जोडले. म्हणाले, मोठेबाबा, तिथला मालक परदेशी आहे, त्याला पांदण कळत नाही. ते म्हणाले, "न कळून सांगते कोनाले. पह्यल्यानं सगळे न कळल्यासारखंच करतेत." आणि त्यांनी मान वर करून डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. मी लिहीत गेले. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर पांदणीचा वापर अर्जदार व इतर प्रवासी पूर्वापार करीत आले असून. याचं इंग्रजी मी नववीच्या ताकदीवर केलं. 'पूर्वापार'ला मी 'फ्रॉम बिफोर टू आफ्टर' लिहिलं. मालक त्या वेळी तिथेच होता, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. अर्ज गेला.

उत्तर म्हणून तीन अक्षरं आली.

"काय म्हनते?"

"हसला," फलक म्हणाली.

"अर्जावर हसला?" मोठेबाबांनी विचारलं. "आवक नंबर माग त्याले. आन् सांग, येत्या सात दिवसांत कारवाई न झाल्यास अर्जदार वर जाईन."

सात दिवस आमच्याकडे नव्हते. दोन वाजत आले होते. आणि त्याच वेळी लाइटने वेळापत्रक मोडलं. पंखा थांबला, इन्व्हर्टर ओरडायला लागला, शफीचाचा म्हणाले अर्धा तास चालेल, त्यावर एक मिनिट नाही. त्यांनी बाकीचे दोन कॉम्प्युटर बंद केले.

मोठ्याईने धपाटे परत फडक्यात बांधले आणि पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "राहू द्या. नसंन नशिबात." ती उठायला लागली. तिच्या आवाजात मला ऐकू आलं ते समुद्राबद्दल नव्हतं. तिला बहाणा मिळाला होता. उद्या सात वाजता गाडी तिच्याशिवाय सुटणार होती, आणि या वेळी कारण म्हैस नव्हती, मी होते.

मी मोठेबाबांना न विचारता लिहिलं. माझ्या तोडक्या इंग्रजीत लिहिलं की माझी मोठी आई डोळ्याच्या ऑपरेशनला घाबरते. ऑपरेशनची गाडी उद्या आहे. ती म्हणते आधी समुद्र. समुद्र तुमच्या मागे आहे. आमची लाइट जाते आहे. प्लीज.

हिरवा ठिपका तसाच राहिला. इन्व्हर्टर ओरडत होता. मग कारंज्याजवळ एक उंच माणूस येऊन उभा राहिला. निळे केस, डोक्याला दोन शिंगं, मागे शेपूट.

"कोन आलं?" मोठ्याईने विचारलं. तिला हललेलं काहीतरी दिसलं होतं.

"जागेचा मालक."

"भला दिसते. जेवला का विचार त्याले."

मी विचारलं. त्याने लिहिलं, इथे अजून सकाळ आहे, नुसती कॉफी झाली. मोठ्याई म्हणाली, "उपाशीच आला बिचारा," आणि परत धपाटे सोडायला लागली. मालकाने लाल भिंत काढली आणि तो आमच्या पुढे चालू लागला. मोठेबाबा मागून म्हणाले, "पाह्यलं? अर्ज केल्याबिगर होत नाही."

किनारा आला. संध्याकाळ लावून ठेवली होती त्या दुनियेत. लाल पाणी, सोनेरी पाणी, मग निळं आणि मग नुसतं निळंच. पलीकडे काही नाही. मोठ्याईने पदराने डोळे पुसले आणि पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरली.

"काठ नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कुठीच नाही."

फलकने हळूच फोटो काढण्याचं बटण दाबलं. वच्छला समुद्रावर. माझ्या मते इथे पडदा पडायला हवा होता. पण पिशवीत नारळ होता.

मोठ्याई नारळ घेऊन मॉनिटरकडे वळली तेव्हा शफीचाचा सुई टाकून धावले. "आपा, इसपे नहीं." तिने दुकानाच्या पायरीवर फोडला, अर्धी कवड घेऊन आली आणि समुद्राच्या दिशेने पाणी शिंपडलं. समुद्राच्या दिशेला कीबोर्ड होता. पुढे चालण्याचं बटण जे खाली गेलं ते वर आलंच नाही, आणि मोठ्याई समुद्रात चालायला लागली. घोटे, गुडघे, कंबर.

"अवं, थांबव ना मले."

मी दाबत होते, फलक दाबत होती. पाणी गळ्याशी आलं.

"खुशालराव, पाह्यता काय," चतुराबाई म्हणाल्या. "बायको चालली."

मोठेबाबा इतकी वर्षं बायकोला चारचौघांत नावाने हाक मारत नव्हते. ते म्हणाले, "वच्छला, मांगं फिर."

ती गेली. पाणी डोक्यावरून गेलं. मग पडद्यावर हिरवा उजेड पसरला आणि एक मोठा केशरी मासा अगदी काचेजवळून गेला. एवढा मोठा, एवढा केशरी, की मोतीबिंदूतूनही गेला.

"आतूनबी दाखवतेत काय," मोठ्याई म्हणाली, आणि इन्व्हर्टर बंद पडला.

काळ्या पडद्यासमोर आम्ही सगळ्यांनी बसून धपाटे खाल्ले. शफीचाचांनी कीबोर्ड उलटा करून उन्हात ठेवला. त्यातून खोबऱ्याचं पाणी आणि कापूस निघाला. संध्याकाळी जनरेटरवर फलकने फोटो छापला, वर प्लास्टिक चढवलं, आणि सोमवारी सकाळी सातला मोठ्याई फोटो पिशवीत घालून गाडीत बसली. सोबत घरचं एखादं माणूस नेलेलं चालत होतं. मोठेबाबा म्हणाले, "समुद्र इनं दाखवला, आता डोयाही हेच दाखवीन," आणि मला पाठवलं. शाळा बुडाली. पहिल्या येणाऱ्या मुलीचं हे असं होतं.

गाडीत चाळीस म्हातारे, चाळीस मोतीबिंदू. गाव सुटलं आणि मोठ्याईने पिशवीतून फोटो बाहेर काढला. "ही म्या. समुद्रावर." फोटो हातोहात फिरला. हिवरखेडचे उत्तमराव म्हणून एक आजोबा होते, त्यांनी तो नाकाला लावला, दूर धरला, परत नाकाला लावला. म्हणाले, "पदर मस्त घेतला बाईनं. आजकाल पाह्याले भेटत नाही." मागच्या सीटवरून कोणी म्हणालं, काठ बी जरीचे दिसतेत. चाळीस जणांनी माझ्या खोट्यावर एकेक सही केली आणि फोटो परत पिशवीत गेला. मी खिडकीबाहेर पाहत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण परतही याच गाडीने येणार आहोत.

ऑपरेशन मंगळवारी झालं. मोठ्याई आत जाताना म्हणाली, "समुद्रात बुडाली तरी काही झालं नाही मले, हे डॉक्टर काय करते." बुधवारी सकाळी पट्ट्या निघाल्या. चाळीस जणांना चाळीस काळे चष्मे मिळाले आणि आम्ही निघालो.

आधी तिने आपले हात पाहिले. "इतके सुरकुतले कवा?" मग मला पाहिलं. "तू काळी पडली व." मी तीन दिवस हिच्या उशाशी बसले होते. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. वेचणी चालू होती, शेतांमध्ये कापूस उतू गेला होता. ती म्हणाली, "इतका पांढरा असते. विसरलीच होती म्या." मला वाटलं आता ती घरापर्यंत कापूसच पाहील.

तिने पिशवीत हात घातला.

चष्मा कपाळावर सरकवून तिने फोटो पाहिला. वरून खाली पाहिला. खालून वर पाहिला. उत्तमराव पलीकडून वाकले, त्यांनीही चष्मा सरकवला, आणि दुसऱ्या क्षणी खाली ओढला.

"रागिनी," मोठ्याई म्हणाली. "हे कोन होय?"

"तू."

उत्तमराव भले माणूस. ते घसा खाकरून म्हणाले, "समुद्रावर वारं लय असते, बाई. पदर उडाला असंन."

"पदर उडाला," मोठ्याई म्हणाली. "लुगडं कोनं नेलं?"

परीक्षा लेखी असती तर काहीतरी सुचलं असतं. मोठ्याईने फोटो पुन्हा जवळ धरला. तिचं बोट त्या बाईच्या गुडघ्यांवरून फिरलं. "गुडघे बाकी चांगले आहेत," ती म्हणाली. मग फोटो मांडीवर ठेवून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "उजवा डोया फाल्गुनात आहे. त्याच्यासाठी मले खरा समुद्र लागते. लुगडं म्या घरून नेसून येतो."

"बाई," उत्तमराव म्हणाले, "उजवा तं माह्याही बाकी आहे."

मागून आवाज आला, "माह्याही." मग आणखी मागून. चाळीस काळे चष्मे माझ्याकडे वळले. घरी आल्यावर मी हे मोठेबाबांना सांगितलं तर ते रागावलेसुद्धा नाहीत. नुसतं विचारलं, "चाळीस माणसं? मंग यादी जोडा लागते," आणि कोरा कागद काढला. विषय मला वाचायचीही गरज नव्हती.

फोटो मोठ्याईने फाडला नाही. समोरच्या खोलीत, देवांच्या फोटोंच्या जरा खाली, खिळा ठोकून लावला. मला वाटलं, चला, माफ केलं. मग पुढच्या आठवड्यात एक पांढरी गाडी आमच्या दाराशी थांबली. एक बाई आणि एक साहेब पाणी प्यायला आत आले. साहेबांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

मोठ्याईने पदर सावरला. "माह्यी पुतनी," ती म्हणाली. "रागिनी. समुद्रावर गेली होती. म्या सांगतलं होतं, पदर घे म्हनून. आयकते कोन."

साहेबांनी फोटोकडे पाहिलं, दारात दप्तर घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.